गड्ड्याच्या आधीचा रोलर

संक्रांत चार दिवसांवर आली होती. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये टॉवेलवाल्यांच्या सायझिंग मशीनचा, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या यंत्राचा, जादा खळ पिळून काढणारा रबरी स्क्वीझ रोलर ऑटोक्लेव्हमधून (वाफेवर रबर पिकवून पक्कं करणाऱ्या भांड्यातून) काढून लेथवर चढवला. टूल टेकलं आणि रबराचा थर पापडासारखा वर आला. खाली हवेचे फोड होते. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी रोलर द्यायचा शब्द मी स्वतः दिला होता, त्यामुळे पोटात खड्डाच पडला.

सगळ्यांनी सॉल्व्हंटला दोष दिला. तोही खोटा नव्हता. शीटवर शीट गुंडाळताना ती चिकटत नव्हती म्हणून पोरांनी सॉल्व्हंटचा बोळा जरा जास्तच फिरवला होता. ते नीट उडालं नाही, थरांत अडकलं आणि वाफेच्या उष्णतेत फुगलं. पण शीट चिकटत का नव्हती? एसबीआर या कृत्रिम रबराला नैसर्गिक रबरासारखा अंगचा चिकटपणा नसतो. म्हणून तर आम्ही शंभर भाग रबराला चार भाग हायड्रोकार्बन रेझिन घालतो, चिकटपणा आणायला.

उरलेली शीट ब्लेडने तिरकी कापून उन्हात धरली. काळ्या रबरात मोहरीएवढे पिवळट, चकचकीत दाणे! रेझिन होतं, पण विरघळलेलंच नव्हतं.

मिलवरच्या, म्हणजे दोन रोलांत रबर मळणाऱ्या यंत्रावरच्या, मामांना विचारलं. ते म्हणाले, "साहेब, सकाळी लई गार होतं. माल तापायच्या आत रेझिन टाकलं, रोल गार करायचं पाणीबी चालूच होतं." आमचं रेझिन मऊ पडतं शंभर अंशांच्या आसपास, आणि माल तर हातात धरवेल इतका कोमट. दाणे विरघळणार कसे? चूक मामांची नव्हती. बॅचकार्डावर क्रम होता, तापमान मी लिहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रेझिन प्रोसेस ऑइलमध्ये गरम करून आधीच विरघळवलं आणि कार्बनच्या काळ्या भुकटीबरोबर सुरुवातीलाच दिलं. गंधक मात्र शेवटी, माल थंड करूनच. नाहीतर मिलवरच रबर पिकायला लागतं. रेझिन वाढवा, असंही कुणीतरी सुचवलं. मी नाही म्हटलं. जास्त झालं की हार्डनेस उतरतो, आणि पिळणाऱ्या रोलरला ते परवडत नाही.

नव्या शीटच्या दोन पट्ट्या मामांनी अंगठ्याने दाबल्या आणि ओढल्या. सांधा सुटेना, पट्टीच ताणली गेली. काही न बोलता त्यांनी सॉल्व्हंटचा डबा उचलला आणि लांब भिंतीपाशी नेऊन ठेवला.