पाण्याची परीक्षा

स्मरणिकेसाठी आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाविषयी लिहा, असं निमंत्रणात म्हटलं आहे. मी शल्यचिकित्सेच्या सरांविषयीच लिहिणार. बाकीचं बाकीचे लिहितील. मेसवर तर दोनचार लेख ठरलेलेच आहेत.

मागच्या शेडमधला नळ आणि त्याची रबरी नळी आपल्यापैकी कुणी विसरला नसेल. शवविच्छेदन झालं की सर घोड्याच्या लहान आतड्याचे हातभर तुकडे बाजूला ठेवत. तुकडा मधोमध कापायचा, टोकाला टोक जोडायचं, एका बाजूला चिमटा लावायचा आणि दुसरीकडून पाणी सोडायचं. सर टाक्यांच्या रांगेवरून बोट फिरवत, आणि ते बहुतेक वेळा एकाच जागी थांबे: मेसेंटरी, म्हणजे आतड्याला रक्त पुरवणारा आणि धरून ठेवणारा पडदा, आतड्याला चिकटते तिथे. तिथल्या चरबीखाली आतड्याची कड दिसत नाही आणि सुई नुसत्या चरबीतूनच जाते. म्हणून पहिला टाका तिथेच घालायचा, हा सरांचा दंडक.

एकदा वर्गातल्या सर्वांत नेटक्या हाताच्या मुलाची जोडणी थेंबभरही गळली नाही. सगळे सरांच्या तोंडाकडे बघत होते. सरांनी पाणी ओतून टाकलं, आत बोट घातलं. पहिल्या पेराशीच अडकलं. गळू नये म्हणून त्याने कडा इतक्या आत वळवल्या होत्या की आत मांसाची कॉलर तयार झाली होती. जिवंत घोड्यात अशा जोडणीच्या वरचं आतडं तुंबतं आणि द्रव जठरात मागे येतो. मग सर कापण्यावर आले. आतडं सरळ आडवं कापायचं नाही, तिरपं कापायचं. मेसेंटरीसमोरची बाजू थोडी जास्त काढायची. त्या कडेला रक्त शेवटी पोहोचतं, शिवाय तिरप्या कापाने तोंड रुंद होतं. फ्रेंच शल्यचिकित्सक लेंबर्टने १८२६ मध्ये कडा आत वळवून बाहेरचे पदर एकमेकांना भिडवले. टाका खरा पेलतो तो सबम्युकोझा, म्हणजे अस्तराखालचा चिवट थर, हे अमेरिकन शल्यचिकित्सक हाल्स्टेडने १८८७ मध्ये कुत्र्यांवर दाखवलं. ही दोन सालं तोंडी परीक्षेत हमखास यायची. शेवटी मेसेंटरीतली फट शिवायची; ती राहिली तर उद्या त्यातूनच आतडं घुसून अडकतं.

पण सरांचा जास्त वेळ जाई तो पोटात कळ आलेल्या घोड्याचं पोट उघडायचं की नाही, यावर. घोड्याला उलटी होत नाही, जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. तुंबलं तर फुटतं. म्हणून आधी नाकातून नळी. सायफन करून २ लिटरहून जास्त द्रव परत आला तर लहान आतड्याची वाट बंद आहे असं धरायचं. नाडी मिनिटाला २८ ते ४४ ठीक. ६० च्या वर आणि चढती असेल तर सावध. पोटातला द्रव सुईने काढून बघायचा: फिकट पिवळा, नितळ असेल तर बरा, लालसर गढूळ असेल तर आतडं कुठेतरी आवळलं गेलंय. सर्वांत फसवा घोडा म्हणजे कळेने लोळायचा थांबलेला. मालकाला हायसं वाटतं, इकडे नाडी ८०, हिरड्या विटकरी आणि कान गार. कळ थांबली कारण आतडं मेलंय किंवा जठर फुटलंय.

पोट उघडल्यावर दिसेल त्या वेटोळ्याला हात घालणाऱ्याची सर गय करत नसत. आधी सीकम, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची मोठी पिशवी, शोधा. त्याचा वरचा पट्टा धरून गेलात की इलियम, म्हणजे लहान आतड्याचं शेवटचं टोक, बाजूचा पट्टा धरून गेलात की मोठं आतडं. वीसेक मीटर लहान आतड्यात हरवायचं नसेल तर हाच नकाशा. पीळ सोडवल्यावर लगेच कात्री नाही. कोमट सलाईनचा ओला कपडा टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. रंग परततो का, मेसेंटरीत ठोका लागतो का, टिचकी मारल्यावर लाट उठते का, ते बघायचं. काढायचंच तर दोन्हीकडे चांगलं आतडं घेऊन काढा. पण लहान आतडं साठेक टक्क्यांपलीकडे गेलं तर उरलेल्यावर घोडा पोसत नाही.

त्या थांबण्याचं महत्त्व नंतरच्या संशोधनाने जास्तच पटतं. बाहेरून गुलाबी झालेल्या आतड्याचं अस्तर आतून सोललेलं असू शकतं. रक्त तुटलं की व्हिलायची, म्हणजे अस्तरावरच्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांची, टोकं आधी मरतात. रक्त परतल्यावर व्हिलाय आखडतात, कडेच्या पेशी चपट्या होऊन उघड्या जागेवर सरकतात आणि काही तासांत ती झाकतात. मग पेशींमधले सांधे बंद होतात. हे सांधे बंद व्हायला प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलं रसायन लागतं, आणि आपण कळ थांबवायला देतो ते फ्लुनिक्सिन नेमकं तेच अडवतं. घोड्यांवरच्या प्रयोगांत फ्लुनिक्सिन दिलेलं अस्तर जास्त वेळ पाझरत राहिलं, फिरोकॉक्सिब हे दुसरं वेदनाशामक दिलेलं तितकं पाझरलं नाही. तरी जबर कळेला फ्लुनिक्सिनच हाताशी येतं, कारण वेदना थांबवण्यात ते वाकबगार आहे. अस्तराच्या तळाच्या क्रिप्टमधल्या, म्हणजे खाचांमधल्या, मूळ पेशीही मेल्या असतील तर मात्र औषधाचा वाद संपला, तो भाग काढावाच लागतो.

पाझरलेल्या अस्तरातून जंतूंचं विष रक्तात जातं आणि पोट बरं होत असताना खूर धरतात, म्हणजे खुरांच्या आत सूज येते. आता त्यासाठी पाय बर्फात ठेवतात. सरांच्या वेळी ते नव्हतं, पण दर फेरीत खुराला हात लावून ते ऊब बघत, मगच टाके बघत.

आता जोडणीला स्टेपलर आले, सरावाला सिलिकॉनची आतडी आली. वास नाही, माश्या नाहीत, मुलं खूश. मी हाताळलेल्या नमुन्यांना मेसेंटरी नव्हती आणि चरबीही नव्हती. पाणी सोडलं की ते कुठूनही गळायचे, फक्त सरांचं बोट थांबायचं तिथून नाही.