टेबलावरचा विधी आणि गोदाकाठचा संकल्प

मी राहतो त्या अमेरिकेतल्या मिलवॉकीपासून तासाभराच्या अंतरावर लेक जिनिव्हा नावाचे गाव आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन टेबलाभोवती खेळायचा खेळ १९७४ मध्ये तिथूनच बाहेर पडला. हिवाळ्यातल्या शनिवारी आम्ही पाच जण हाच खेळ खेळतो: एक जण गोष्ट चालवणारा गेम मास्टर, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे.

गेल्या वर्षी माझ्याच एका कथेतला विधी मी खेळात आणला. आटलेल्या नदीला गाव रात्रभर आळवते, असा तो प्रसंग होता. कथेत तो चांगला रंगला होता, पण टेबलावर जादूगार झालेल्या मित्राने वीस बाजूंचा फासा एकदा टाकला आणि सारे संपले. उरलेले तिघे नुसते बघत राहिले. खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत विधी म्हणून केलेल्या मंत्राला दहा मिनिटे जास्त लागतात आणि स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्रांच्या मोजक्या साठ्यातला एक वाटा, खर्च होत नाही. नियम सुटसुटीत आहे, पण ती दहा मिनिटे एका वाक्यात उरकतात.

दिवाळीत नाशिकला गेलो, तेव्हा पंचवटीतल्या घरी सत्यनारायण होता. गुरुजींनी संकल्पात संवत्सर, मास, तिथी सांगून ‘गोदावर्याः उत्तरे तीरे’ म्हटले आणि बाबांनी तळहातावरचे पाणी ताम्हणात सोडले. पुढे एक सुपारी कमी पडली, तेव्हा मावसभाऊ ती घेऊन येईपर्यंत सगळे थांबले. नेमका काळ, नेमका काठ, प्रत्येकाच्या हाताला काम आणि अडखळण्याची शक्यता, हे सारे माझ्या विधीत नव्हते.

खऱ्या पूजेतले मंत्र खेळात आणायचे नाहीत, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. घेतली ती फक्त पूजेची मांडणी. त्याच रात्री गच्चीवर भावंडांना घेऊन तो प्रसंग पुन्हा मांडला. एकीने आधीच्या खुणांवरून तिथी आणि नदीचा काठ ओळखायचा, दुसऱ्याने दिवा राखायचा, तिसऱ्याने स्वतःची एखादी आठवण कायमची द्यायची. प्रत्येक टप्प्याला वेगळा फासा. दान कमी पडले तर विधी मोडत नाही, त्याची किंमत वाढते. दिवा दोनदा फडफडला, तेव्हा मावसभावाने पात्राच्या कागदावर लिहिलेले ‘आईचा आवाज’ हे शब्द पेन्सिलीने सावकाश खोडले, आणि नदीला पाणी आल्याचे मी सांगेपर्यंत कोणीही बोलले नाही.

मिलवॉकीतल्या मित्रांसाठीही आता तिन्ही कामे वेगवेगळ्या कागदांवर लिहून ठेवली आहेत. काठ कोणता, तेवढे त्यांनी शोधायचे आहे.