पैसे अमेरिकेला जाऊन परत आले

मी एका छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळते. 2019 साली आमची एसीची खोली रिकामी करून सगळं एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरवर, हलवलं. तेव्हापासून दर महिन्याचं बिल माझ्याच हातून पुढे जातं. बिल बघून साहेब कपाळाला हात लावतात, पण तिथून बाहेर पडायचं म्हटलं की सगळे गप्प. इतकं हक्काचं भाडं ज्याला मिळतं, त्याचे चार शेअर आपल्याकडेही असावेत, एवढाच माझा विचार. 2024 मध्ये ॲमेझॉनच्या विक्रीत एडब्ल्यूएसचा वाटा साधारण सहावा हिस्सा होता, पण कामकाजाच्या नफ्यात निम्म्याहून जास्त. फक्त एडब्ल्यूएसचा शेअर मात्र मिळत नाही. घ्यायचा तर अख्खा ॲमेझॉन, खोके पोचवण्याच्या धंद्यासकट.

ब्रोकरचं खातं मोबाइलवर अर्ध्या तासात उघडलं. घोडं अडलं ते बँकेत.

आमच्या शाखेत परदेशी पैसे पाठवायचे म्हणजे पोराची फी. टेबलामागच्या साहेबांनी परदेशी पैसे पाठवायचा ए-2 फॉर्म हातात ठेवला आणि विचारलं, "मुलगा कुठल्या युनिव्हर्सिटीत?" म्हटलं, मुलगा दहावीत आहे, मला शेअर घ्यायचेत. "मग ते इथून नाही होत मॅडम." होतं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि शेअर त्यात बसतात. त्यांनी हेड ऑफिसला फोन लावला, मी बाकावर बसले. पाऊण तासाने "होतं म्हणतायत" एवढं उत्तर आलं.

मग नावाचा घोळ. पॅनवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. पासबुकात आडनाव आधी. ब्रोकरकडे मधलं नावच नाही. "यातल्या तुम्ही कुठल्या?" असं त्यांनी खरंच विचारलं. तिन्ही मीच, असं लिहून दिलं. दुसऱ्या खेपेला कळलं, पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी जातायत त्याचा कोड, शिक्षणाचा टाकला होता. शेअरसाठी एस0001 लागतो. खाडाखोड चालत नाही, म्हणून पुन्हा नवा फॉर्म. तिसऱ्या खेपेला दीड लाख गेले एकदाचे.

नवव्या दिवशी परत आले. साडेपाच हजारांनी कमी होऊन.

कारण असं की पैसे माझ्या नावाने जातच नाहीत. ते ब्रोकरच्या एकत्र खात्यात जातात आणि त्यातले माझे कोणते, हे 'फॉर फर्दर क्रेडिट'च्या ओळीत माझा खातेनंबर असेल तरच कळतं. मी तो फॉर्मवर लिहिला होता, लाल पेनने चौकट करून. संगणकात भरताना ती ओळ कोरीच राहिली. मधल्या बँकेने आपलं शुल्क कापलं, जाताना डॉलर महाग, येताना स्वस्त. साहेब म्हणाले, "सिस्टीममध्ये असं होतं." सिस्टीम माझाही धंदा आहे हो, आमच्याकडे असं झालं तर मला रात्री दोनला उठवतात!

चौथ्या वेळी मी काउंटरच्या आत उभी राहिले, एकेक रकाना मोठ्याने वाचून घेतला, आणि स्विफ्टची, म्हणजे बँकेने पैसे पाठवताना धाडलेल्या संदेशाची, प्रत घेतल्याशिवाय हलले नाही. तुम्हीही घ्या. पैसे अडकले तर ब्रोकर आधी तीच मागतो. आणि डॉलरचा दर विचारा. बोर्डावरचा वेगळा, तुम्हाला लावलेला वेगळा. मी भांडून थोडे पैसे कमी करून घेतले, त्याचं समाधान शेअरपेक्षा जास्त.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला, कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला, खरेदी झाली. उन्हाळ्यात तिथला बाजार आपल्या सातला उघडतो, थंडीत आठला.

हो, टीसीएसचं राहिलं, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते त्या कराचं. एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाखांपर्यंत तो कापत नाहीत, पण या वर्षात दुसऱ्या बँकेतून काही पाठवलं का, हे लिहून द्यावं लागतं. पाठवून नुसते पाडूनही ठेवू नका, 180 दिवसांत गुंतवले नाहीत तर परत आणावे लागतात. खातं उघडताना डब्ल्यू-एट-बेन, म्हणजे आपण अमेरिकन नाही असं सांगणारा तिथल्या कराचा फॉर्म, न वाचता टिचकी मारली होती, ते सहीच्या वर्षानंतर तीन वर्षांनी संपतं. ते असलं की लाभांशावर तिथे 25 टक्के कापतात, नसलं तर 30. ॲमेझॉन लाभांश देतच नाही, मायक्रोसॉफ्ट देतं.

रिटर्न भरताना आमच्या सीएने विचारलं, "शेड्यूल एफएचं काय?" परदेशातल्या मालमत्तेचा हा रिटर्नमधला तक्ता एक शेअर असला तरी भरायचा, आणि तो एप्रिल ते मार्च नाही, जानेवारी ते डिसेंबर. साधा आयटीआर-1 चालत नाही. 31 डिसेंबरचं स्टेटमेंट तेव्हाच उतरवून ठेवा.

साडेपाच हजारांसाठी लेखी तक्रार दिली आहे. शिक्का मारलेली प्रत पासबुकातच ठेवली आहे, म्हणजे दर वेळी काउंटरवर आपोआप निघते.