तुम्ही विचारलंत म्हणून : किती क्लिकवर?

“किती क्लिकवर ठेवलंयस?”

पार्किंगमध्ये कोणीतरी वाकून चाकाच्या आत डोकावतं, त्याला जांभळी स्प्रिंग दिसते आणि हा प्रश्न येतो. मागोमाग दुसरा : रोजच्या गाडीला कॉइलओव्हर घालावेत का? (कॉइलओव्हर म्हणजे कंपनीच्या शॉकअप-स्प्रिंगांच्या जागी बसणारा, उंची बदलता येणारा सेट. शॉकअपचा कडकपणा नॉबने बदलतो, नॉबचा एकेक खटका म्हणजे एक क्लिक.) गेल्या चार वर्षांत मी याचं उत्तर चार तऱ्हांनी दिलंय. आधी म्हणायचे, “डोळे झाकून घाल.” मग, “घाल, पण चांगले घे.” मग, “नको रे बाबा.” हल्ली मी विषयच बदलते. त्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकलेलं बरं. (तिसराही एक प्रश्न असतो, “गाडी मिस्टरांची का?” त्याचं उत्तर सोपं आहे. नाही.)

आधी क्लिकचं. माझा आकडा तुमच्या काही कामाचा नाही. तुमचा सेट वेगळा, गाडीचं वजन वेगळं, आणि मुख्य म्हणजे तुम्ही कुठून मोजताय ते मला ठाऊक नाही. मोजायचं असेल तर नॉब पूर्ण कडक बाजूला टेकवून तिथून मागे मोजा, कारण मऊ बाजूचे शेवटचे पाच-सात क्लिक बहुतेक नुसते वाजतात, होत काहीच नाही. एकाच नॉबचे जे सेट असतात त्यातल्या बहुतेकांत स्प्रिंग दबतानाचा आणि सुटतानाचा शॉकअपचा विरोध एकत्रच बदलतो. स्प्रिंगला तर तो नॉब शिवतही नाही. माझ्या गाडीची कंपनीची पुढची स्प्रिंग मिलिमीटरला साधारण सव्वादोन किलोची होती, म्हणजे एक मिलिमीटर दबायला तेवढं वजन लागायचं. सेटमधली आली सहा किलोची. म्हणजे पुढचा कोपरा सेकंदाला १.३ वेळा डुलायचा तो आता २.१ वेळा डुलतो. नॉब कितीही फिरवा, हा आकडा जागचा हलत नाही. हे मला आज माहीत आहे. घेताना मी खोक्यावरचे क्लिक मोजले होते.

“मग घेतलेसच कशाला?”

याचं माझं तोंडपाठ उत्तर असं : शॉकअप तसेही गेले होते. ऐंशी हजार किलोमीटर झाले होते. हायवेवर लेन बदलली की गाडी एकदा झुकायची, सावरायची, पुन्हा उलटीकडे झुकायची. एका उंचवट्यावरून गेलं की मागचा भाग तीन वेळा होकार द्यायचा. खर्च करायचाच आहे तर चांगलाच करू, असा हिशेब. यातलं एक अक्षर खोटं नाही. पण ते शॉकअप गेले नसते तरी मी काहीतरी कारण शोधलं असतंच, कारण टायर आणि फेंडर यांच्यातली ती चार बोटांची फट मला बघवत नव्हती. ऑफिसच्या काचेत गाडीचं प्रतिबिंब दिसायचं आणि आधी ती फट दिसायची. हे कोणाला सांगितलं नव्हतं. सस्पेन्शनवर तासभर बोलणारी बाई फटीसाठी पैसे घालते म्हटल्यावर कोण ऐकणार?

सेट बसला, गाडी पस्तीस मिलिमीटर खाली आली. पहिले काही महिने मी घरी लांबच्या रस्त्याने येत होते. वळणात गाडी घातली की ती तिथेच राहायची, स्टिअरिंगला हात लावायच्या आत उत्तर यायचं. तो आनंद खरा होता आणि त्याबद्दल मी माफीबिफी मागणार नाही. पिलोबॉल माउंटची (शॉकअपच्या वरच्या टोकाची, रबराऐवजी लोखंडी गोळ्याची बैठक) टकटक सुरू झाली तेव्हा गाणी मोठ्याने लावली. पुढचे टायर आतल्या कडेने खाल्ले गेले तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की हे कॅम्बरमुळे, म्हणजे चाक वरून आत कलल्यामुळे, गाडी खाली घेतली की होणारच. प्रत्यक्षात टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, बिघडला होता. उंची बदलली की टो बदलतो, आणि उंची दुसऱ्यांदा बदलल्यावर मी अलाइनमेंट करूनच घेतली नव्हती. दोन टायर गेले. असो.

आता बाबांचं.

पुढच्या वर्षी बाबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. बाहेरून दिसणारे टाके अकरा. पाचव्या दिवशी घरी सोडणार होते. भाऊ म्हणाला टॅक्सी करू, मी म्हटलं, घरात गाडी असताना टॅक्सी कशाला? आदल्या रात्री मी डिकी उघडली, दोन्ही बाजूंचं लायनिंग सोडवलं, मोबाइलचा टॉर्च दातांत धरला आणि मागचे दोन्ही नॉब मोजत मोजत शेवटपर्यंत मऊ केले. पुढचेही केले. चारही टायरमधली हवा दोन-दोन पीएसआयने उतरवली. रात्रीचे साडेअकरा झाले होते, बोटांना ग्रीस लागलं होतं आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होते. ॲडजस्टेबल घेतले ते याचसाठी, असं वाटत होतं. एक दिवस माझ्यासाठी, एक दिवस बाबांसाठी.

सकाळी बाबांना मागे मधोमध बसवलं. पोटावर उशी. दोन्ही बाजूंनी धरायला आई आणि भाऊ. पुढच्या सीटवर फाइल, औषधं आणि थर्मास. डिकीत दोन बॅगा.

हॉस्पिटलच्या गेटवरच पहिला स्पीडब्रेकर होता. मी चालत्या माणसाच्या वेगाने पुढची चाकं चढवली, उतरवली. ठीक. मग मागची चढून उतरली आणि खालून आवाज आला, धप्प. गाडीच्या सगळ्या आवाजांची मला ओळख होती, हा त्यातला नव्हता. आरशात बघितलं. बाबांचे डोळे मिटलेले, आणि उशीवरच्या हाताची नखं पांढरी पडलेली. आई माझ्याकडे बघत नव्हती. पुढच्या स्पीडब्रेकरला मी जवळजवळ थांबले. तरी धप्प. मग तिरकी घालून बघितली, एकेक चाक. दोनदा धप्प. मागच्याने हॉर्न लावून धरला होता. स्पीडब्रेकर संपल्यावर फ्लायओव्हर लागला आणि तिथले सांधे सुरू झाले. एरवी ज्यांच्यावरून जाताना मी गाणं गुणगुणते ते सांधे, ठरावीक अंतराने, धप्, धप्, धप्. प्रत्येकाला बाबांच्या तोंडून हवा निघत होती. विव्हळणं नव्हे. नाकातून सोडलेली, मोजकी.

चाळीस मिनिटं. मी एकदाच विचारलं, “बाबा, थांबू का?” ते म्हणाले, “चल.”

घरी पोचल्यावर, भावाच्या खांद्यावर हात टाकून पायऱ्या चढताना ते वळून म्हणाले, “गाडी छान चालवतेस. रस्ता वाईट आहे.”

टाके काढायला ते टॅक्सीने गेले. मला न सांगता. मी ऑफिसात होते, गाडी घरीच होती, आणि संध्याकाळी आईने ते भाजी निवडता निवडता, काही विशेष नसल्यासारखं सांगितलं.

त्या रविवारी गाडी जॅकवर घेतली. सेट बसवताना हौसेने मागच्या पिस्टनच्या दांड्यावर एक बारका केबल टाय अडकवला होता. दांडा जितका आत जातो तितका तो टाय वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. सस्पेन्शन किती दबतंय ते कळतं. वर्षभरात मी तो एकदाही बघितला नव्हता. धुळीचं रबर वर सरकवलं तर टाय दिसेना. तो पार वर, बंप स्टॉपच्या (शॉकअप शेवटपर्यंत दबला की ज्यावर टेकतो त्या ठोकळ्याच्या) फोममध्ये रुतला होता, आणि तो पिवळा फोम उभा चिरला होता. पट्टी लावली. रिकामी गाडी जमिनीवर उभी असताना बंप स्टॉपपर्यंत मोकळी जागा होती बावीस मिलिमीटर.

मागची स्प्रिंग पाच किलोची. मागे तीन माणसं आणि बॅगा म्हणजे एका बाजूला शंभर किलोंच्या आसपास जास्तीचं वजन. शंभर भागिले पाच, वीस मिलिमीटर. उरले दोन. म्हणजे बाबा बसल्या क्षणी गाडी बंप स्टॉपला टेकायच्या बेतात होती. त्यापुढे स्प्रिंग नाही, शॉकअप नाही, नुसता फोम आणि लोखंड. आणि नॉब मऊ केल्यामुळे शॉकअप जो काही थोडा अडवत होता तोही अडवायचा थांबला. मागचा भाग आणखी जोरात खाली येऊन आणखी जोरात आपटत होता. तसेच कडक राहू दिले असते तर बाबांना कमी लागलं असतं. नंतर वाचताना कळलं की उभ्या दिशेतल्या ४ ते ८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणाऱ्या, हादऱ्यांना माणसाचं शरीर सगळ्यात हळवं असतं, आयएसओ २६३१ या मानकात ते मांडलेलं आहे. मऊ स्प्रिंगा गाडीला त्या पट्ट्याच्या बऱ्याच खाली ठेवतात. फोमवर टेकलेली गाडी वर, तिकडेच सरकते. कशासाठी वाचत होते कोण जाणे.

यात सेटचा दोष किती? पुढच्या बाजूला गाडी खाली घेताना तळाचा ब्रॅकेट फिरवायचा असतो, त्यामुळे दांड्याचा प्रवास शाबूत राहतो. माझ्या गाडीला मागे तसं नाही. टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई) आहे, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. मागचं कॉइलओव्हर हे नावालाच कॉइलओव्हर. तिथे उंची कमी केली की प्रवासातूनच जाते. हे कागदावर छापलेलं होतं. मी तो कागद वाचलाही होता. पण त्या वर्षभरात मागे कधी कोणी बसलंच नव्हतं. एकटीच्या गाडीत बावीस मिलिमीटर पुरत होते.

चार वर्षांपूर्वीची मी इथे मध्येच बोलेल, मला ठाऊक आहे. “दोष उंचीचा होता, कॉइलओव्हरचा नव्हे.” बरोबर. पण उंची बदलता येते म्हणून घेतलेली वस्तू कोण कंपनीच्या उंचीवर ठेवतं? तू ठेवणार होतीस? ती गप्प बसत नाही. म्हणते, “आणि हायवेवर समोरच्या ट्रकचा अख्खा टायर फाटून अंगावर आला तेव्हा? जुन्या गाडीने ते वळण घेतलं असतं?” हेही खरं आहे. नव्वदच्या वेगात डावीकडे आणि लगेच उजवीकडे, गाडी दोरीवर चालल्यासारखी गेली. तेव्हाही मागे कोणी नव्हतं. कंपनीचे नवे कोरे शॉकअप असते तरी ती गेली असती का? असेलही. ती म्हणते नसती. हा वाद आम्ही दोघी सिग्नलला उभ्या असताना नेहमी घालतो.

सध्या मागची उंची वीस मिलिमीटरने वाढवलीय, फट परत आलीय, तीन बोटं. मागची उंची ठरवताना आता मी भावाला आणि त्याच्या दोन मित्रांना मागे बसवते आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंत टेपने मोजते. ते हसतात. बंप स्टॉप नवे टाकले. ते सुटे मिळाले हे माझं नशीब, घेण्याआधी मी विचारलंही नव्हतं. पुढे पिलोबॉल काढून रबरी माउंट घातलं, तेव्हा आईने विचारलं, “गाडी दुरुस्त केलीस का?” सहा महिन्यांनी चाक काढून आटे ब्रशने साफ करते, नाहीतर उंची बदलायची रिंग गंजून बसते आणि ती फिरवायचा सी-स्पॅनर घसरून बोटं सोलतात. स्प्रिंगा अजून त्याच आहेत. मऊ मागवाव्यात असं दर पावसाळ्यात ठरवते.

आणि हो, ज्यांना वाटतं रिंग वर घेऊन स्प्रिंग आवळली की ती कडक होते, तर नाही. स्प्रिंग सरळ रेषेची (दर मिलिमीटरला सारखंच वजन मागणारी) असेल तर गाडी फक्त वर उचलली जाते. हे मी कमीत कमी दहा जणांना समजावलंय आणि दहाही जणांनी मान हलवून विचारलंय, “पण मग किती आवळू?”

कंपनीचं सस्पेन्शन विकलं का, असंही विचारतात. माळ्यावर आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून. गेल्या महिन्यात खाली काढलं. एकेक शॉकअप हाताने दाबून बघितला. तीन विव्हळत वर आले, चौथा आलाच नाही. पुन्हा गुंडाळून वर ठेवले.

मागे चौदा, पुढे अकरा, कडकपासून मोजून. घ्या.

बाबा हल्ली पुढे बसतात, सीट जरा मागे टाकून. टाके निघून तीन वर्षं झाली. स्पीडब्रेकर दिसला की त्यांचं बोलणं चालूच असतं, बातम्यांवर, क्रिकेटवर, कशावरही, आणि उजवा हात हळूच पोटावर जातो.