एकोणीस काठ्या

सकाळी बामणोलीहून आमच्या दोन बोटी सुटल्या तेव्हा ट्रेकला आलेले वीस जण होते आणि वीस काठ्या होत्या. दुपारी साडेतीनला मेट इंदवलीच्या काठावर मी डोकी मोजली, तेव्हाही ती वीसच भरली. काठ्या गोळा करणारे आबा मात्र माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, काठी एक कमी हाय."

मी म्हणालो, "कुणीतरी वर विसरलं असेल."

आबा म्हणाले, "काठी इसरंल वो. पर रिकाम्या हातानं उभं कोण हाय, ते तर बघा."

रिकाम्या हातानं विशीतला एक मुलगा उभा होता. त्याला मी सकाळपासून पाहिलेलं नव्हतं.

सातारहून वासोट्याचे ट्रेक नेण्याचं काम मी बारा वर्षं करतो. हा गड चढायला फार अवघड नाही, त्यामुळे लोकांना वाटतं की इथं नियोजन करण्यासारखं काय असणार. पण इथं पायथ्याला रस्ताच नाही. कोयना धरणाचा शिवसागर आडवा पडला आहे. गाडी कासवरून बामणोलीपर्यंत जाते, तिथं वनखात्याची परवानगी, नावांची यादी, सोबतच्या प्लास्टिकची मोजदाद, मग दीड तास बोट. उतरलो की मोबाईलला रेंज नाही, वस्ती नाही. मेट म्हणजे गडाच्या पायथ्याची चौकी. त्या मेटाचं गाव उठून गेलं, आता झाडीत घरांची जोती तेवढी दिसतात. १९८५ साली हे रान अभयारण्य झालं आणि २०१० साली चांदोली राष्ट्रीय उद्यानासकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. मुक्काम करता येत नाही. म्हणून वासोट्याचं वेळापत्रक पायथ्यापासून वर असं मांडायचं नसतं, ते परतीच्या बोटीपासून उलटं मांडायचं. अंधारात बोट हाकायची नाही, म्हणजे साडेचारच्या आत काठ सोडायचा, म्हणजे दोनच्या आत गड सोडायचा, म्हणजे एकपर्यंत जो माथ्यावर पोचला नाही त्याला वाटेतूनच मागं फिरवायचं. त्यावर भांडणं होतात. "पैसे भरलेत आम्ही," असं मला तोंडावर ऐकवलेलं आहे. तरी मी फिरवतो.

बाहेरच्या माणसाच्या लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ऊन. गड सह्याद्रीच्या ऐन धारेवर, आणि आपण चढतो पूर्वेकडून. कोकणाच्या बाजूला सूर्य चांगला वर असतो तेव्हाच आपल्या बाजूचं रान सावलीत जातं. सहाला मावळणारा दिवस त्या झाडीत पाचलाच संपतो. उन्हाळ्याकडे धरणाचं पाणी मागं सरतं, बोट लांब लागते आणि चिखलातून चालणं वाढतं. तेही गणितात धरावं लागतं. ही सगळी वजाबाकी मी दर तुकडीला नव्यानं करतो आणि मला तिचा अभिमान आहे. बारा वर्षांत माझी एकही तुकडी अंधारात सापडलेली नव्हती.

काठ्यांची पद्धतही माझीच. सातारच्या बाजारातून आणलेल्या बांबूच्या काठ्या, प्रत्येकीला लाल फीत. उतरताना गुडघ्यांना आधार होतो, आणि जंगलातलं लाकूड कुणी मोडत नाही. परत आल्यावर आबा त्या मोजून बांधतात. ते नुकसान होऊ नये म्हणून मोजत होते. माणूस मोजायचं काम माझं होतं, आणि ते मी चुकवलं.

त्या मुलाला विचारलं तर तो सरळ म्हणाला, "मी पुढच्या ग्रुपमधला. आमच्या बोटी भरल्या. सर म्हणाले, मागून येणाऱ्यांच्या बोटीत बस." त्याच्या पुढाऱ्यानं मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. साठ-साठ माणसं गोळा करायची, बोटी कमी ठरवायच्या आणि उरलेली माणसं दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, हा प्रकार अलीकडे फार वाढला आहे. तो पुढारी आता निम्म्या पाण्यात होता.

मग यादी काढून एकेकाचं नाव पुकारलं. सांगलीहून आलेल्या एक बाई नव्हत्या. वय पन्नाशीच्या पुढचं, शिक्षिका, एकट्याच आलेल्या. बाकीच्या एकोणीस जणांना विचारलं की त्यांना शेवटचं कुणी पाहिलं. कुणालाच सांगता येईना. एकजण म्हणाला, "त्या काकू होय? माझ्या पुढं होत्या." दुसरी म्हणाली, "मला वाटलं मागं आहेत." माझा सहकारी सगळ्यांच्या शेवटी चालत आला होता, त्याच्या मागं कुणी राहायलाच नको होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

पहिली बोट लगेच बामणोलीला पाठवली, सहकाऱ्यासोबत, वनखात्याला चिठ्ठी देऊन. दुसऱ्या बोटवाल्याला म्हणालो, थांबा. तो पाण्याकडे आणि आभाळाकडे बघून म्हणाला, "थांबतो. बाईमाणूस वर हाय म्हनल्यावर कसा जाईन?" उशीर झाला तर बोल त्यालाही लागणार होता. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

आबा आणि मी पुन्हा चढायला लागलो. उघड्यावरचा मारुती आणि गणपती, ओढा, मग कारवीतली चढण. ओढ्याच्या ओल्या मातीत सकाळी नसलेले गव्याचे खूर उमटले होते. आबा मोठमोठ्यानं बोलत, मधेच टाळी वाजवत चालले होते. या रानात अस्वल आहे. ते माणसाच्या मागं लागत नाही, पण वळणावर एकदम समोर आलं की दचकून अंगावर येतं, म्हणून आवाज करत जायचं. मी दर दोन मिनिटांनी एक लांब शिट्टी देत होतो आणि थांबून ऐकत होतो. फक्त किडे.

जिथून एक वाट वासोट्याला आणि दुसरी नागेश्वरच्या गुहेकडे जाते, त्या फाट्यावर आम्ही सव्वाचारला पोचलो. आबांनी दोन्ही वाटांवरच्या पाचोळ्यावर नजर टाकली आणि काही न बोलता नागेश्वरच्या वाटेला लागले. आठ-दहा मिनिटांत कारवीच्या फांदीला बांधलेली पिवळी ओढणी दिसली. खाली दगडावर त्या बसल्या होत्या. काठी दोन्ही हातांनी समोर रोवून धरलेली. मांडीवर कागद पसरून त्यावर चिक्कीचा अर्धा तुकडा ठेवला होता. रात्र काढावी लागली तर असावा म्हणून अर्धा राखला, असं नंतर त्यांनी सांगितलं.

मला बघून त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, तुम्ही सकाळी सांगितलं होतं ना, वाट चुकली तर जागचं हलायचं नाही. वाट मोडत गेलेली दिसली, तशी मी इथंच बसले."

"शिट्टी ऐकू आली नाही का, ताई?"

"मघाशी पुष्कळ आल्या. सगळ्यांच्या सारख्याच. तुमची कुठली ते कळेना."

त्या रविवारी गडावर पाच-सहा गट होते, आणि जमायला एक लांब शिट्टी हीच खूण सगळ्यांची. मी त्यावर कधी विचारच केला नव्हता.

अंधार भरून येत होता. आबा पुढे बॅटरी घेऊन, मधे ताई, मागं मी, असे उतरलो. सव्वापाचला बोट सुटली आणि शेवटचा अर्धा तास काळोखात, काठाकाठानं गेली. पुढच्या टोकाला बसून मी पाण्यावर बॅटरी धरली होती. ताई बराच वेळ गप्प होत्या. मग इंजिनच्या आवाजात फक्त मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या, "मला लघवीला जायचं होतं. सकाळी बोटीत बसल्यापासून. तुम्ही दोघंही पुरुष, ते आजोबाही पुरुष. कुणाला सांगणार? फाट्याजवळ सगळे पुढं गेले असं बघून मी जरा आत गेले. तुमचे सर पाणी पीत बसले होते, त्यांना कळू नये म्हणून जास्तच आत गेले. बाहेर आले ती दुसऱ्याच वाटेवर."

थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हणून दिवसभर पाणीही प्यायले नव्हते."

माझ्या तयारीच्या यादीत झोळी करायची चादर आहे, दोन दोऱ्या आहेत, मिठाच्या पुड्या आहेत, सर्पदंश झाला तर बोटीपर्यंत कुणी कसं उचलायचं ते लिहिलेलं आहे. बायकांनी कुठं जायचं, कुणाला सांगायचं, तोवर तुकडी कुठं थांबेल, याची एक ओळ नाही. बारा वर्षांत निम्म्याहून जास्त बायकाच आल्या असतील. त्यातल्या किती जणी पाणी न पिता तो डोंगर चढल्या आणि उतरल्या? मी दर तासाला ओरडून सांगायचो, पाणी प्या, पाणी प्या. त्या मान हलवायच्या.

सहकाऱ्याला मी रागावलो नाही. तो नेमून दिलेल्या जागी, शेवटीच होता. त्याच्या मागं जी गेली ती त्याला कळू नये अशाच बेतानं गेली होती.

आता मोजणी नावानं होते, एकेकाच्या तोंडाकडे बघून. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असते, आणि आमची खूण दोन आखूड एक लांब अशी वेगळी केली आहे. एकट्या आलेल्याला सकाळीच कुणाची तरी जोडी लावून देतो. पुढच्या तुकडीपासून मेढ्याच्या एक ताई लीडर म्हणून येणार आहेत. त्यांना आणायला मला इतकी वर्षं का लागली, याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही.

त्या ताईंबरोबर परवा कागदावर वाट काढून बसलो होतो. बायकांसाठी ठरवून थांबायचं ते कुठं, यावर अडलो. ओढ्यापाशी झाडी दाट आहे, आडोसा चांगला, पण तेच पाणी खाली सगळे पितात, म्हणजे बरंच लांब आत शिरावं लागणार. फाट्यावर जागा मोकळी आहे, पण दोन वाटा तिथंच फुटतात. त्या म्हणाल्या, "दोन्हीकडे नको. मधल्या चढणीवर मी स्वतः जाऊन जागा बघते, मग सांगते." शनिवारी आबांना घेऊन त्या जाणार आहेत.