पुठ्ठ्याच्या सौर पेटीत रंगही, वरणभातही

घरी केलेल्या सौर पेट्यांना, म्हणजे उन्हावर तापणाऱ्या पेटीच्या चुलींना, इथे अमेरिकेतल्या अॅरिझोनात जुनी परंपरा आहे. बार्बरा कर आणि शेरी कोल यांनी १९७०च्या दशकात इथेच पुठ्ठ्याची सोपी पेटी घडवली. तशीच पेटी सूत रंगवणारे लोक इथे अंगणात मांडतात. मुंबईच्या गच्चीवरही ती ऑक्टोबर ते मे छान चालेल. फक्त उकाड्याला ऊन समजू नका. इथली हवा कोरडी असते. मुंबईत दमटपणा आणि धुरकं ऊन पांगवतात. गच्चीवर उन्हात हात धरून त्याची सावली पाहा: कडा रेखीव दिसली तर पेटी तापेल, पुसट दिसली तर त्या दिवशी गॅसच बरा.

एकात एक बसणारे दोन खोके घ्या, मधे सगळीकडून ५ ते ७ सेंमी जागा सुटेल असे. त्या जागेत चुरगळलेली वर्तमानपत्रं भरा. थर्माकोल नको, तो या उष्णतेला मऊ पडून आकसतो. आतल्या भिंतींना खळीने अॅल्युमिनियम फॉइल चिकटवा, तळाशी काळा रंग दिलेला पातळ पत्रा ठेवा. वर ३-४ मिमीची काच आणि फॉइल लावलेलं, उघडझाप होणारं झाकण. काच गच्च बसवू नका, तापून फुगायला जागा मिळाली नाही तर तडकते. पहिला पूर्ण दिवस पेटी रिकामीच उन्हात ठेवा, म्हणजे रंगाचा वास निघून जाईल. भांडी बाहेरून काळी आणि घट्ट झाकणाची हवीत. वाफ निसटून काचेवर धरली की ऊन आत कमी पोचतं.

डिसेंबरात मुंबईत दुपारचा सूर्य साधारण ४७ अंशांवर असतो, म्हणून उत्तरेकडच्या बाजूखाली वीट सरकवून पेटी दक्षिणेकडे कलती करा. मेच्या मध्याला तो जवळपास डोक्यावर येतो, तेव्हा पेटी सपाटच ठेवा.

पेटीची खरी करामत रंगकामात दिसते. लोकरीला ८०-८५ अंश सेल्सिअस पुरतात, आणि पेटीत ते हळूहळू, न ढवळता मिळतात. लोकर आटते ती ढवळण्याने आणि तापमानाच्या अचानक बदलाने. रंग धरावा म्हणून ५० ग्रॅम लोकर किंवा रेशमाला ६ ग्रॅम तुरटी आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवा, मग एकूण २ लिटर पाणी करा. पाण्यात आधीच भिजवलेली लडी त्यात सोडा. सकाळी दहाला ठेवलं तर पाणी तापायलाच दोन-अडीच तास जातात. पुढे तासभर राहू द्या, पेटीतच निवू द्या. दुसऱ्या दिवशी ५० ग्रॅम कांद्याच्या सालींचा काढा करून, गाळून, त्यात रंगवा: पिवळ्यापासून तांबूस नारिंगीपर्यंत छटा येतात. दसऱ्यानंतरचे झेंडूही उत्तम. रेशीम ८५च्या वर नेऊ नका, चमक जाते. सुती धाग्याला तुरटीआधी हिरड्याच्या पाण्यात भिजवणं आवश्यक, नाहीतर रंग नीट धरत नाही. इथल्या मॅडरच्या (आपल्या मंजिष्ठेच्या कुळातली वनस्पती) मुळांचा लाल रंग ७०च्या वर गेला की तपकिरी होतो. तापमान चढू लागलं की पेटी उन्हापासून थोडी वळवायची, बस्स. चिमूटभर हिराकसाने (लोहाचा क्षार) रंग गडद होतो, पण जास्त झाल्यास लोकर खरखरीत होते.

रंगाची भांडी आणि स्वयंपाकाची भांडी कायम वेगळी ठेवा. यात सवलत नाही.

स्वयंपाकाला वरण, भात, रताळी, बीट सोपे. भिजवलेल्या तूरडाळीला अडीच-तीन तास, भाताला दोन, आणि बटाटे पाण्याशिवायच शिजतात. फोडणी मात्र गॅसवरच, पेटीत तेल तेवढं तापत नाही. चारनंतर पेटी निवू लागते, म्हणून अन्न वेळेत काढा. कोमट भात तासन्‌तास आत पडून राहिला तर बिघडतो.

वाऱ्याने झाकण उलटू नये म्हणून ते दोरीने बांधा. पावसाळ्यात पेटी घरात ठेवा आणि ऑक्टोबरात आतले सर्दावलेले कागद बदला, ओल्या कागदाने उष्णता टिकत नाही.