उन्हाळी घरवही, पाचवा आठवडा: सावलीचं वेळापत्रक आणि चार खाती

गेल्या वर्षी सुट्टीची घरवही, म्हणजे घरातल्या रोजच्या नोंदींची वही, दहाव्या दिवशी बंद पडली होती. यंदा पाचवा आठवडा संपत आला आणि वही चालू आहे. आपल्यापैकी बरेच जण घराच्या नोंदी हौसेनं ठेवता, म्हणून काय जमलं आणि काय मोडलं ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी घर कसं आहे ते सांगते. आम्ही लातूरचे. घरात मी, हे, सासूबाई (त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो), बारा वर्षांची थोरली आणि आठ वर्षांचा धाकटा. 2 मेपासून नणंदेची दोन मुलं अकोल्याहून आली आहेत, भाचा तेरा वर्षांचा आणि भाची सहाची. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे आमच्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे भाचेकंपनी जूनमध्येही काही दिवस राहणार. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, वर गच्ची. सात माणसं.

घरवहीची सवय मला 2016 साली लागली. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. घरात आलेली प्रत्येक घागर मी एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागले. पाणी पुढे आलं, वही राहिली. आज लाँगबुक रजिस्टर वापरते. रोज फक्त तीन ओळी: पाणी किती उरलं, स्वयंपाकाला काय केलं, कुठे अडलं. तिसरी ओळ सगळ्यात कामाची. मागची पानं चाळताना मी तीच वाचते.

20 ते 26 एप्रिल

परीक्षा संपल्या आणि मी उत्साहात तक्ता केला. सहा ते सात उठणं-आंघोळ, सात ते आठ नाश्ता, नऊ वाजता गच्ची झाडणं, दहा ते अकरा वाचन. रंगीत पेनं, प्रत्येक चौकोनात नाव, काम झालं की चांदणी. तक्ता सुरेख दिसत होता, तो अजून जपून ठेवलाय.

चौथ्या दिवशी तिसरी ओळ अशी होती: "नऊला गच्चीवर पाय भाजतात. धाकटा रडत खाली आला." पाचव्या दिवशी: "बाटल्या भरल्या, पण रिकाम्या बाटल्या घरभर. विचारलं तर थोरली म्हणाली, माझं भरायचं काम झालं." सहाव्या दिवशी चांदण्या देणंच मी विसरले.

त्या रात्री वही घेऊन बसले. शाळा असते तेव्हा रिक्षा सव्वासहाला दारात येते आणि त्या एका वेळेला सगळं घर बांधलेलं असतं. डबा, पाणी, वेणी, बूट सगळं त्या हॉर्नच्या आत. सुट्टीत तो हॉर्न नाही, तर कागदावर "सकाळी 7" लिहून काय होणार? मग सुट्टीत घर कशाला बांधलेलं असतं याचा विचार केला. आमच्याकडे उत्तर सोपं होतं: उन्हाला आणि पाण्याला. ऊन गच्चीवर कधी येतं, घरात कधी शिरतं, कधी उतरतं, आणि नळ कधी येतो. बाकी सगळं या दोहोंच्या मागून चालतं.

28 एप्रिल

हा दिवस पूर्ण मोजणीला दिला. मुलांना खडू दिला. गच्चीवर वाळत घालायच्या दोरीचा लोखंडी खांब आहे, त्याच्या सावलीच्या टोकावर दर तासाला खूण करायची आणि वेळ लिहायची. चपला घालून पळत जायचं, खूण करून पळत यायचं. शिवाय घरातल्या कुठल्या खिडकीतून ऊन किती आत येतं, तेही फरशीवर खडूनं.

दोन गोष्टी कळल्या, ज्या या घरात चौदा वर्षं राहून मला माहीत नव्हत्या.

एक म्हणजे जिन्याच्या खोलीची सावली सकाळी गच्चीच्या पश्चिम भागावर पडते आणि साडेआठपर्यंत हटत नाही. मी दरवर्षी वाळवण तिथेच घालत होते, कारण तिथे पायाखाली येत नाही. म्हणजे सकाळचं दीड-दोन तासांचं ऊन दरवर्षी वाया जात होतं.

दुसरी माठाची. माठ स्वयंपाकघरात उत्तरेच्या खिडकीखाली असतो. उत्तरेला ऊन येत नाही, असं मी धरून चालले होते. पण या दिवसांत सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडे सरकून उगवतो आणि जवळजवळ नऊपर्यंत त्या खिडकीतून तिरपं ऊन थेट माठावर येतं. संध्याकाळकडे पुन्हा तेच. पाणी कोमट लागतं म्हणून आम्ही माठ बदलायला निघालो होतो! आता माठ जिन्याखाली, पुढच्या-मागच्या दाराच्या मधल्या वाऱ्यावर तिवईवर ठेवलाय आणि भोवती ओलं फडकं. माठ पाझरतो, ते पाणी वाऱ्यावर उडतं आणि त्यानंच आतलं गार होतं. त्याला सावली लागते तितकाच वाराही लागतो. कोंदट कोपऱ्यात ठेवलेला माठ नुसताच ओला राहतो.

त्या रात्री तक्त्यावरच्या वेळा खोडल्या. आता फळ्यावर पाच रकाने आहेत: झुंजुमुंजू, ऊन गच्चीवर येईपर्यंत, झाकपाक, उन्हं उतरल्यावर, दिवेलागण. झाकपाक हा शब्द आत्याबाईंचा. ऊन तापलं की खिडक्या लावायच्या, पडदे सोडायचे, सगळ्यांनी आत. त्या रकान्यात वाचन, पत्ते, चित्रं, झोप, काहीही. मी तिथे काही भरत नाही. दुपार रिकामीच हवी, असं माझं पक्कं मत झालंय. दुपारी मुलांना कामाला लावलं की संध्याकाळी सगळं घर चिडचिडं होतं.

2 मे

भाचे आले. त्याच रात्री जेवणानंतर खातेवाटप केलं.

बाटल्यांचा प्रसंग डोक्यात होता. कामाचे तुकडे करून वाटले की तुकडा होतो, काम तसंच राहतं. म्हणून यंदा अख्खं काम एकाला. थोरलीला पाणी, भाच्याला बाजार आणि खाऊ, धाकट्याला गच्ची, भाचीला दारातल्या चपला आणि आत्याबाईंची औषधाची वेळ. खातं म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळं त्याचं. मोठ्यांनी मधे बोलायचं नाही, फक्त विचारलं तर सांगायचं. ह्यांना हा नियम पाळणं जड गेलं. मलाही गेलं.

थोरलीनं पाण्याचं खातं जसं धरलं, ते पाहून मी चकित झाले. दोन टाक्या आहेत आमच्या. तिनं एक वेळूची काठी घेतली, टाकीत वीस-वीस लिटर ओतत गेली आणि प्रत्येक वेळी काठीवर ऑइलपेंटची रेघ मारली. आता काठी बुडवली की किती उरलं ते कळतं. पहिल्या आठवड्यात सात माणसांना रोज सरासरी 420 लिटर लागत होतं, आता 340 वर आलंय. तिनं कुणाला ओरडून कमी केलं नाही. भाजी आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीकडे आणि फरशीकडे वळवलं आणि आंघोळीला प्रत्येकाची बादली ठरवून दिली.

भाच्याचा खाऊचा डबाही जमला. "मामी, भूक लागली" हे वाक्य दिवसातून पंधरा वेळा ऐकू यायचं. आता सकाळी एक मोठा डबा भरला जातो: शेंगदाणे, चुरमुऱ्याचा चिवडा, गूळ, काकड्या आणि धपाटे. काय भरायचं ते भाचा ठरवतो, संपलं की पुढचं जेवणच. धपाट्यांनी मला फार हात दिला. दोन दिवस टिकतात, दह्याशी खाल्ले की जेवणच होतं.

7 ते 11 मे: कुरडया

इथे जरा थांबते, कारण घरवहीचा खरा उपयोग मला इथे झाला.

कुरडईचं नियोजन उलटं मोजावं लागतं. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा. या दिवशी पाणी सगळ्यात जास्त लागतं. रात्रभर चीक खाली बसू द्यायचा आणि पाचव्या दिवशी पहाटे वरचं निवळ पाणी ओतून चीक शिजवायचा. आमच्याकडे नळ रोज येत नाही, म्हणजे चौथा दिवस नळाच्या दिवसाला गाठायला हवा. नळाचा पुढचा दिवस 10 मे होता, म्हणून 7 तारखेला सकाळी 3 किलो लोकवन गहू भिजत घातला. दरवर्षी आठवेल तेव्हा भिजवायचे आणि नेमकं वाटण्याच्या दिवशी टाकी तळाला गेलेली असायची.

11 तारखेला चारला उठलो. आत्याबाईंचं प्रमाण असं: जितका चीक तितकंच पाणी, भांड्यानं मोजून. पाण्यात मीठ, हिंग, उकळी आली की चीक धारेनं सोडायचा आणि हात थांबवायचा नाही. मी हलवत होते, ह्यांनी पातेलं धरलं होतं. चकचकीत झाला की झाकून वाफ. मुलांना वाटीत गरम चीक, दूध-साखर घालून. भाची म्हणाली, "आजी, हेच रोज करा, कुरडया नको." चीक गरम असतानाच सोऱ्यातून घालावा लागतो, गार झाला की तार तुटते.

ऊन यायच्या आत दोन लुगडी भरून कुरडया घातल्या. यंदा गच्चीच्या पूर्व भागावर. धाकटा छत्री आणि काठी घेऊन जिन्याच्या दारात राखणीला बसला. नवाच्या आधी त्याला खाली बोलावलं आणि वर जुनी जाळी टाकली. दुपारपर्यंत वरची बाजू कडक. जुन्या जागेवर याला संध्याकाळ व्हायची.

13 मे

खांबाची सावली गेली! 28 एप्रिलला दुपारी ती उत्तरेकडे वीतभराच्या आत होती. तेव्हापासून मुलं रोज तिच्यावर लक्ष ठेवून होती. लातूरच्या अक्षांशावर मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. घड्याळात तेव्हा बारा नव्हे, साधारण 12 वाजून 20 मिनिटं होतात, कारण आपलं घड्याळ चालतं ते आपल्या पूर्वेला असलेल्या 82.5 अंश रेखांशाच्या वेळेनं. चौघं चपला घालून, डोक्याला ओले रुमाल बांधून खांबाभोवती उभी होती. त्यानंतर दुपारची सावली दक्षिणेकडे पडायला लागली आणि धाकट्यानं वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "सावली पलीकडे गेली." गच्चीच्या खात्याची ती पहिली नोंद, मी सांगितल्याशिवाय केलेली.

17 मे: वळीव

सगळं चांगलंच लिहिलं तर वही खोटी होईल. दुसऱ्या घाण्याच्या कुरडया, 2 किलोच्या, 16 तारखेला घातल्या होत्या. 17 ला दुपारी चारच्या सुमारास झाकपाकीत आम्ही सगळे झोपलेले. खिडक्या बंद, पडदे सोडलेले, त्यामुळे आभाळ भरून आलेलं कुणालाच दिसलं नाही. पत्र्यावर थेंब वाजले तेव्हा उठलो. एक लुगडं वाचलं, दुसरं चिंब झालं. पंख्याखाली पसरून पाहिलं, पण दुसऱ्या दिवशी आंबूस वास आला आणि टाकून द्यावं लागलं. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या त्या लुगड्याची घडी घालत बसल्या. मला फार वाईट वाटलं.

झाकपाक मी आखली होती, पण आभाळाकडे पाहायला कुणाला नेमलंच नव्हतं. आता फळ्यावर सहावा रकाना आहे, आभाळ. वाळवण वर असेल त्या दिवशी दुपारी पाळीपाळीनं एकानं जिन्याच्या दारात बसायचं, पुस्तक घेऊन. ढग दिसला की पूजेची घंटा. घंटा झाली की चौघांनी लुगड्याचे चार पदर धरायचे आणि सरळ खाली. सराव केला. पहिल्यांदा चार मिनिटं लागली, कारण दोघं एकाच कोपऱ्याकडे धावली. आता प्रत्येकाचा कोपरा ठरलाय, एक मिनिट चाळीस सेकंदांवर आलोत.

25 मे, आजची स्थिती

वाळवणाच्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या: काय, किती, कुठल्या तारखेचं. वर्षाचा गहू उन्हं दाखवून कोठीत गेला, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून. गोधड्या अजून राहिल्यात, त्या पुढच्या नळाच्या दिवसाला लिहिल्या आहेत. मोबाइलचाही एक नियम ठरवला होता, तो दोनदा मोडला, त्यावर अजून काम चालू आहे.

भाचीचं खातं मात्र बदलावं लागणार. आत्याबाईंची गोळी ती एकदाही चुकली नाही, पण चपलांचा तिला कंटाळा आलाय आणि तिला घंटा हवी आहे. धाकटा द्यायला तयार नाही. रात्री जेवताना बोलणी आहेत.

उद्या पहाटे बटाट्याचा कीस. 5 किलो बटाटे भाच्यानं बाजारातून आणून धाकट्याच्या ताब्यात दिलेत, थोरलीनं त्यासाठी चाळीस लिटर वेगळं काढून काठीवर खूण केली आहे. मी किसण्या धुऊन ठेवल्या. आभाळ आत्ता स्वच्छ आहे.